घंगाळातलं तेल

डबे परत आले तो बुधवार होता. मुलगा सकाळी पेंड पोचवायला गेला होता, तो दुपारी रिकामा टेम्पो घेऊन येणार होता. मी घाण्याच्या तोंडात बी लोटत होतो. टेम्पो मागे घेताना तो फार हळू घेत होता, त्यावरूनच मला कळलं की मागे वजन आहे. वाटलं, आमचं तेल घेणाऱ्या बिस्किटवाल्यानं रिकामे डबे दिले असतील. पण रिकामे डबे खडखडतात. हे गप्प होते.

"मोटर बंद करा बाबा," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. पट्टा आणखी चार-दोन फेरे मारून थांबला.

"एकोणीस आहेत. पाच त्यांनी वापरले. त्या पाचांची बिस्किटं दुकानांतून परत आली."

"कशानं?"

"तेल खवट झालंय म्हणतात."

सून आतून ओले हात पुसत आली. तिनं एका डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, वाकून वास घेतला आणि झाकण परत दाबलं. मग मी वाकलो. मला नेहमीसारखंच तेल दिसलं, पिवळं, नितळ. वास आला नाही.

वास मला येतच नाही. चाळीस वर्षं तपकीर ओढली, त्यात नाक गेलं. त्याचं कधी अडलं नव्हतं, कारण आमच्याकडे नाक होतं ते हिचं, माझ्या बायकोचं. प्रत्येक डबा भरला की ही करंगळी बुडवायची, मनगटावर चोळायची, हुंगायची आणि म्हणायची, "जाऊ द्या." एखाद्या डब्याला म्हणायची, "हा घरात राहू दे." मी विचारायचो, काय झालंय याला? ती म्हणायची, "तुम्हाला सांगून काय उपयोग, आंधळ्याला रंग दाखवू का?" आणि हसायची.

ही थंडीत गेली. छातीत कफ झाला, बारा दिवस अंथरुणावर होती. तेराव्या दिवशी नव्हती.

आम्ही एकोणीस डबे उतरवून भिंतीशी लावले. मुलगा दोन-दोन उचलत होता, मी एक-एक. सून मोजत होती. शेवटचा डबा ठेवून मुलगा म्हणाला, "सगळं तर आईसारखंच करतोय आपण."

करत होतोच. बी त्याच शेतकऱ्यांचं, सूर्यफुलाचं, दोनदा चाळलेलं. घाणा तोच. तेल नळीतून खाली पडायचं, तीन दिवस निवळायचं, मग जाड कापडातून गाळायचं, डब्यात काठोकाठ भरायचं, वर हवेला जागा ठेवायची नाही. डबे अंधारात, गोणपाटाखाली. हिचं वाक्य होतं की तेलाला उजेड आणि हवा दाखवायची नसते. शिवाय पाला. न्हाणीच्या दगडाशेजारी हिनं एक झुडूप लावलं होतं, सुईसारख्या पानांचं. माहेराहून फांदी आणली होती. आम्ही त्याला सुईपाला म्हणतो. तो सावलीत वाळवायचा, थोड्या कोमट तेलात दिवसभर ठेवायचा, ते तेल गाळून डब्यात घालायचं. डब्याला दोन मुठी. सुनेनं हे सगळं तिच्याकडून घेतलं होतं, एक मूठसुद्धा चुकवत नव्हती.

एकच गोष्ट बदलली होती, पण तेव्हा ती बदल म्हणून माझ्या डोक्यात नव्हती. पूर्वी नळीखाली तेल पडायला इनॅमलचा पांढरा टब असायचा, कडेला टवके गेलेला. ही गेल्यावर तिच्या वस्तू बहिणींनी, भाच्यांनी मागून नेल्या. तिचं तांब्याचं घंगाळ मात्र मी दिलं नाही. दोन कड्यांचं, मोठं, लग्नात आलेलं. त्यात आमच्या मुलाला आंघोळ घातली होती, पुढे नातीला. ते नुसतं अडगळीत पडायला नको होतं. मी ते लिंबानं घासलं, आरशासारखं केलं आणि नळीखाली ठेवलं. रोज हात लागेल, असं मला वाटलं. कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटवाल्याकडे गेलो. त्याची भट्टी गल्लीच्या टोकाला आहे. बाहेर लाकडी फळ्यांवर बिस्किटांचे ट्रे निवायला ठेवलेले असतात आणि आत तीन माणसं पीठ तिंबत असतात.

"या घाणेवाले. त्या बाकावर बसू नका, पीठ लागेल."

मी उभाच राहिलो. त्यानं एका ट्रेमधून बिस्किट काढून माझ्या हातात ठेवलं.

"खा."

मी खाल्लं. गोड होतं, कुरकुरीत होतं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

मागे तिंबणारे हसले. त्यातला लांब मानेचा म्हणाला, "काकांना पुठ्ठा द्या, तोही चांगला लागेल."

"तू गप बस. पिठात मीठ टाकलंस का आधी?" बिस्किटवाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "अहो, याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतोय. दुकानात लहान पोरांनी थुंकून टाकलं. तुम्हाला खरंच येत नाही?"

"नाही."

"मग तेल तपासतं कोण?"

"ही तपासायची."

तो थांबला. हातावरचं पीठ झटकलं, नव्हतं तिथलंही झटकलं. तिंबणाऱ्यांचे हात चालू होते, पण हसणं बंद झालं होतं. मला ते हसत होते तेव्हा बरं वाटत होतं.

"अठ्ठावीस वर्षांत मी तुमचा एक डबा परत केला नाही," तो म्हणाला. "पण दुकानदाराला मी काय सांगू? वहिनी वारल्या म्हणून बिस्किट खवट आहे?"

"नाही सांगता येणार."

"मग ऐका." त्यानं भट्टीच्या वरची फळी दाखवली. तिथं सारखी ऊब असते, हात ठेवला तर ठेवता येतो पण फार वेळ नाही. "माझे वडील नवं तेल इथं ठेवायचे. या फळीवर बारा दिवस टिकलं की दुकानात तीन महिने टिकतं. बाटल्या भरून आणा. टिकल्या तर हंगामाचे चाळीस डबे तुमचे. नाही टिकल्या तर मला कंपनीचं घ्यावं लागेल. त्यांचा माणूस रोज दारात उभाच असतो."

मी मान हलवली.

"आणि तेल टिकवायची पावडर टाका. कंपनीवाले टाकतात. चोरी नाही त्यात, डब्यावर छापलेलं असतं."

चाळीस डबे गेले तर काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सुटं तेल नेणारी घरं आता हाताच्या बोटांवर आहेत. ती वर्षाला जेवढं नेतात तेवढं घाणा चार दिवसांत काढतो. बिस्किटवाला गेला की घाणा भंगारात, मुलगा दुसऱ्याच्या टेम्पोवर. घरी येताना मी तपकिरीची डबी काढली, उघडली आणि परत खिशात ठेवली.

*

पावडर बाजारातल्या एका दुकानात मिळते, जिथं रंग, सोडा, लिंबाचं फूल असलं सगळं मिळतं. मुलगा आणि सून गेले, मीही गेलो. दुकानदारानं पांढऱ्या पावडरीची पुडी काढली.

"डब्याला एक चमचा मारा. वर्षभर बघायला नको."

"यात लिहिलंय शंभर किलोला वीस ग्रॅम, त्याहून जास्त नाही," सून पुडीवरचं वाचत म्हणाली. "म्हणजे आमच्या पंधरा किलोच्या डब्याला तीन. चमचाभर म्हणजे जास्त होईल."

"ताई, कोण मोजतंय?"

"मी मोजतेय."

दुकानदार मुलाकडे बघून हसला. मुलगा हसला नाही. तोही तिच्या मोजण्यातून गेलेला आहे.

घरी आल्यावर मी म्हणालो, "हिनं कधी असलं टाकलं नव्हतं."

"आईंच्या वेळी गरज पडली नव्हती बाबा."

"विष तर नाही ना?"

"विष असतं तर इतकं मोजून कशाला लिहिलं असतं? जास्त झालं की वाईट. मीठही तसंच."

औषधाच्या दुकानातून तिनं छोटा काटा आणला होता. एका बाटलीपुरती पावडर म्हणजे नखावर मावेल इतकी. ती थोड्या कोमट तेलात विरघळवून बाकीच्या तेलात मिसळली. दुसऱ्या बाटलीत सुईपाल्याचं तेल. तिसरीत काही नाही, नुसतं. तेल आदल्या आठवड्याचंच होतं, घंगाळात निवळलेलं. तीनही बाटल्यांवर तिनं कागद चिकटवले. मुलगा त्या भट्टीवर ठेवून आला.

त्या दिवसांत घाणा बंदच होता. बंद घाण्यालाही काम असतं. मी मोटरचा पट्टा काढला, त्याला भेगा पडल्या होत्या, नवा चढवला. आतला दांडा खरवडला. भिंतीशी एकोणीस डबे उभे होते, जाता-येता पाय लागत होता. नात तिथं लपायला जायची. "आजोबा, हे कोणाचे?" "आपले." "मग आपण का नाही खात?" मी तिला उचलून ओसरीवर आणलं.

तिसऱ्या दिवशी बिस्किटवाल्याचा फोन आला, नुसती बाटली गेली. पाचव्या दिवशी पाल्याची गेली. आठव्या दिवशी मुलगा स्वतः जाऊन पावडरीची बाटली परत घेऊन आला आणि ओट्यावर आदळल्यासारखी ठेवली.

"हीसुद्धा. दुकानदारानं पीठ विकलं आपल्याला."

सुनेनं हुंगलं. "पीठ नाही. पाल्यापेक्षा तीन दिवस जास्त टिकली की. काहीतरी दुसरंच बिघडलंय."

"काय दुसरं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तपासणी केंद्रात नेऊ या."

*

तपासणी केंद्र म्हणजे शेतकी खात्याच्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. तिथल्या बाई वयानं सुनेएवढ्याच, चष्मा डोक्यावर सरकवलेला. टेबलावर काचेच्या नळ्या आणि शेजारी जेवणाचा डबा उघडा. डब्यात सफरचंदाच्या फोडी होत्या. आम्ही बाहेर थांबतो म्हणालो तर त्या म्हणाल्या, "बसा हो, जेवता जेवताच बोलू. मला नाहीतर जेवायलाच मिळत नाही."

त्यांनी बाटलीतलं तेल नळीत घेतलं, त्यात काही थेंब टाकले, हलवलं, मग दुसरे थेंब मोजत टाकले. बराच वेळ मोजत होत्या.

"फारच खवट आहे. दाबलं कधी होतं?"

"तीन आठवडे झाले असतील."

"तीन आठवड्यांत एवढं?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाला घालता म्हणालात. कुठला?"

सुनेनं पिशवीतून वाळकी फांदी काढली. बाईंनी ती चुरगळून हुंगली. "ही रोझमेरी. चांगली आहे की. परदेशात याचाच अर्क काढून तेलात, मांसात घालतात. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सासूबाई घालायच्या."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी विचारलं नाही कधी."

बाईंनी डब्यातली एक फोड उचलली. ती पांढरी होती. शेजारची तांबूस पडली होती. "ही बघा. या फोडीला मी लिंबू लावलं, हिला लावायचं राहिलं. हवेतला प्राणवायू लागतो, त्यानं होतं हे. तेलाचंही तसंच. पाला काय, पावडर काय, लिंबू काय, त्या प्राणवायूच्या तोंडी आधी स्वतः जातात. ते संपले की मग तेलाची पाळी. तुमच्या घाण्याचा पट्टा असतो ना, त्या रबरातही असलंच काही घातलेलं असतं, नाहीतर वर्षात भेगा पडतील."

"आमच्या जुन्याला पडल्याच होत्या," मुलगा म्हणाला.

"स्वस्तातला घेतला असेल. त्यात कमी घालतात." त्यांनी फोड तोंडात टाकली. "पण तुमचा पाला आणि पावडर दोन्ही इतक्या लवकर संपले, म्हणजे तेलात त्यांना संपवणारं काहीतरी जातंय. तेल निवळायला कशात ठेवता?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल. "तांब्याच्या घंगाळात. चांगलं जुनं, जाड तांबं. मी स्वतः घासतो."

बाई चावायच्या थांबल्या.

"काका, तांबं नको. तेल आणि तांबं अजिबात नको. तांब्याचा कण तेलात उतरतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढा उतरला तरी बास आहे. दहा पटीनं लवकर खवट होतं. पितळही नको. तुम्ही घासून चकचकीत केलंत, त्यानं आणखी सोपं झालं. पूर्वी कशात ठेवायचात?"

"इनॅमलच्या टबात," सून म्हणाली.

"मग तोच काढा परत."

मी माझ्या हातांकडे बघत बसलो. लिंबानं घासून घासून माझ्या नखांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या.

मग बाईंनी बाकीचं सांगितलं. ते सुनेनं लिहून घेतलं. पावडर डब्यातल्या तेलाला चांगली सांभाळते, पण भट्टीच्या आचेत तिचा जोर बराच जातो. पाल्याचा अर्क भट्टीतही थोडाफार टिकतो, मात्र त्याची ताकद दर वेळी सारखी नसते, आणि जास्त झाला तर वास येतो. दोन्ही वापरू शकता, पण जे वापराल ते मोजून, आणि डब्यावर लिहून. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही.

*

मुलगा टेम्पोचं काही काम करायला बाजारात थांबला. मी आणि सून चालत निघालो. ऊन होतं. रस्त्याच्या कडेनं सूर्यफुलांची कापलेली ताटं पडली होती. सून माझ्या दोन पावलं मागे चालत होती, मग शेजारी आली.

"बाबा, मला वास आला होता."

"कधी?"

"पहिल्या आठवड्यातच. घंगाळातलं तेल तिसऱ्या दिवशी वेगळं लागायचं. आणि काठाला हिरवं धरायचं."

"हिरवं? मी तर कधी पाहिलं नाही."

"मी सकाळी तुमच्या आधी उठून पुसायचे."

मी थांबलो. तीही थांबली.

"मग बोलली का नाहीस?"

ती पदराशी चाळा करत होती. "तुम्ही आईंसाठी ठेवलं होतंत ते. रोज सकाळी आधी त्याला हात लावायचा, मग मोटर चालू करायचा. ते काढा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला वाटलं, पाला थोडा जास्त घातला तर निभावेल."

"जास्त घालत होतीस?"

"दोनऐवजी तीन मुठी."

मग ती थोडं हसली, म्हणजे रडू येऊ नये म्हणून. "झुडूप अर्धं ओरबाडलं मी त्यापायी."

मला राग आला नाही. राग यायला चुकणारं दुसरं माणूस लागतं. मला आठवलं ते तीस वर्षांपूर्वीचं. नवा घाणा घेतला होता. मी एकदा तांब्याच्या मापानं तेल मोजून डबा भरत होतो. हिनं पाहिलं आणि माझ्या हातातून माप हिसकावलं. ते सगळं तेल तिनं बैलगाडीच्या चाकांना ओतलं. मी म्हणालो, वेड लागलंय का? ती म्हणाली, "तेलाला तांबं लावायचं नाही." मी विचारलं, का? ती म्हणाली, "नाही म्हणजे नाही." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही हट्टानं बोललो नाही. मग विसरलो. पण माप मात्र तेव्हापासून लोखंडीच आहे, आणि ते का लोखंडी आहे हे मी तीस वर्षांत एकदाही मनात आणलं नाही.

हे सगळं मी सुनेला रस्त्यात सांगितलं. ती म्हणाली, "आईंना तरी माहीत होतं का, का ते?"

"नसेल. तिच्या आईनं सांगितलं असेल, नाही म्हणजे नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू कधी तांबं लावलंच नाहीस. सांगायची वेळ आली नाही तिच्यावर."

दारात ती म्हणाली, "घंगाळ मी उचलू का?"

"नको. मी उचलतो."

*

इनॅमलचा टब कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून गेला होता. तो आणला, सोड्यानं घासला, उन्हात ठेवला. एक टवका मोठा होता, तिथं लोखंड उघडं पडलं होतं. सून म्हणाली, "बाईंनी लोखंडही फारसं चांगलं नाही म्हटलंय." म्हणून मुलानं दुधाच्या डेअरीतून जुनी स्टीलची बरणी आणली, उभी, अरुंद तोंडाची. हवेलाही कमी जागा. हिला आवडली असती.

घंगाळ मी नळीखालून ओढून काढलं. त्यात अडीच-तीन किलो तेल शिल्लक होतं. जड होतं. कडी धरून ओढत ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं आणि तिथंच ठेवलं. वर गोणपाट टाकलं.

घाणा चालू झाला. बी आत जाताना जो आवाज येतो, वाळूसारखा, तो पंधरा दिवसांनी ऐकला. तेल नळीतून बरणीत पडू लागलं. आवाज वेगळा होता, खोल. तीन दिवसांनी गाळलं. पुन्हा तीन बाटल्या: नुसती, पाल्याची, पावडरीची. पाल्याच्या मुठी सुनेनं या वेळी काट्यावर तोलल्या आणि वहीत आकडा लिहिला. म्हणाली, "माझी मूठ आणि आईंची मूठ सारखी नाही. आणि पुढे कोणाची असेल कोण जाणे."

बाटल्या मीच घेऊन गेलो. लांब मानेच्यानं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि फळीवर ठेवल्या. "काका, या वेळी तरी टिकू द्या. कंपनीचं तेल आणलं तर मालक डबे मोजायला मलाच बसवेल."

"तुला मोजता येतं?"

"येत नाही, म्हणून तर काळजी."

मी त्याला पाहिजे त्यापेक्षा जास्त हसलो.

सातव्या दिवशी नुसती बाटली गेली. त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही, आधी ती तीन दिवसांत गेली होती. दहाव्या दिवशी बाकी दोन होत्या. अकराव्या दिवशी होत्या. बाराव्या दिवशी बिस्किटवाल्यानं फोन केला नाही. मी सकाळपासून मोटर चालू असताना खिशातला फोन हातात धरून बसलो होतो, कारण आवाजात वाजलेला कळत नाही. दुपारी मुलगा म्हणाला, "चला, जाऊनच बघू." सुनेलाही बरोबर घेतलं.

बिस्किटवाला दारातच होता. "मी फोन मुद्दामच नाही केला," तो म्हणाला. "दोन्ही बाटल्या टिकल्यात. पण म्हटलं, आज बिस्किटं चाखून बघू आणि मगच बोलू." त्यानं दोन ताटल्या आणल्या. "आठवडाभरापूर्वी तुमच्या मुलाकडून या दोन्ही तेलांचा एकेक किलो मागवला होता मी. त्याची बिस्किटं केली, तीही फळीवर ठेवली. ही पावडरीची, ही पाल्याची. घ्या."

त्यानं ताटल्या माझ्यापुढे केल्या. मी घेतलं नाही. मी सुनेकडे बोट केलं. "तिला द्या. आमच्याकडचं नाक आता ती आहे."

तिंबणारे थांबून बघत होते. तिनं एक बिस्किट मोडलं, नाकाशी नेलं, मग तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग दुसऱ्या ताटलीतलं. ती फार वेळ घेत होती.

"पावडरीचं अजून बरं आहे, पण थोडं म्हातारं लागतंय," ती म्हणाली. "पाल्याचं ताजं आहे. मागून जरा पाल्याचा वास येतो."

"बरोबर," बिस्किटवाला म्हणाला. "मला तो वास चालतो. गिऱ्हाईक विचारेल काय घातलंय, तर सांगता येईल. चाळीस डबे पाल्याचे द्या."

"चाळीसांपुरता पाला नाही," ती म्हणाली. "बाराच होतील. झुडूप लहान आहे."

मुलानं तिच्याकडे पाहिलं, की हे आत्ता कशाला सांगायचं? पण ती पुढे बोललीच, "बाकी अठ्ठावीस पावडरीचे देऊ, मोजून, वर लिहून. ती बिस्किटं आधी खपवा. पाल्याची मागे ठेवा."

बिस्किटवाल्यानं मान डोलावली. मग मला म्हणाला, "वहिनीही असंच तोंडावर सांगायच्या."

"हो," मी म्हणालो.

परत येताना मुलगा टेम्पो चालवताना शीळ घालत होता. सून मध्ये बसली होती. तिच्या मांडीवर पाल्याच्या बिस्किटांची पुडी होती, नातीसाठी.

*

त्याला आता सव्वा महिना झाला. बत्तीस डबे गेले, आठ राहिलेत. प्रत्येक डब्यावर सुनेच्या हाताचा कागद आहे, काय घातलंय, किती, आणि तारीख. भरलेला डबा जाण्याआधी ती करंगळी बुडवते आणि मनगटावर चोळते. "जाऊ द्या" म्हणत नाही, नुसती मान हलवते. ते बरं आहे.

परत आलेल्या एकोणीस डब्यांतले अकरा साबणवाल्यानं नेले. त्याला खवट चालतं. एका डब्यातून मुलानं दारं, खिडक्या आणि फावड्यांचे दांडे पुसून काढले. सात अजून भिंतीशी आहेत.

सुईपाल्याच्या सहा फांद्या मी डब्यांत लावल्या. दोन जगल्या. चाळीस डब्यांपुरतं झुडूप व्हायला तीन-चार वर्षं लागतील, असं बाई म्हणाल्या. तपकीर सोडली. वास अजून येत नाही.

घंगाळ ओसरीच्या कोपऱ्यात आहे, गोणपाटाखाली. त्याच्या तळाशी तेल तसंच आहे. वरून धरलं असेल हिरवं, मी गोणपाट काढून पाहिलेलं नाही. सुनेला सांगितलंय की त्याला हात लावू नको, मी करीन. ते तेल ओतायचं आहे आणि घंगाळ धुवायचं आहे. ते राहिलं आहे.